चार पंच आणि मार्लिसचा बर्गर

मार्लिसच्या बर्गरबद्दल खरं बोलायचं नाही, असा काही लून लेक गावाने ठराव केलेला नव्हता. पण पाळत सगळे होते. बर्गर समोर आला की माणूस आधी कॉफीचा कप काठोकाठ भरून घ्यायचा, मग सॉसची बाटली जवळ ओढायचा आणि मग देवाचं नाव घेऊन पहिला घास तोंडात टाकायचा. आतली टिक्की इतकी कोरडी, की घास घशाशी जाऊन पुढे जाऊ की मागे फिरू असा विचार करत उभा राही. नेमकी तेव्हाच मार्लिस टेबलाशी यायची, कमरेवर हात ठेवून विचारायची, "कसा झालाय?" आणि समोरचा सभ्य माणूस डोळ्यांतलं पाणी परतवून सांगायचा, "वेगळाच झालाय हो."

आता अमेरिकेतल्या त्या मिनेसोटात 'वेगळाच' म्हणजे काय, हे मार्लिसला काय ठाऊक नव्हतं? शेजारणीचे नवे पडदे, भाचीचा नवा नवरा, मेथडिस्ट चर्चमधलं नवं गाणं, या सगळ्यांना ती स्वतः तेच म्हणायची. पण स्वतःच्या हातच्या पदार्थाला कुणी तसं म्हटलं की माणसाला ते कौतुकच वाटतं. त्याला इलाज नाही.

आणि कौतुकाचं म्हणाल, तर त्या मुलखात कौतुकाची मजल 'वाईट नाही' इथवरच. त्यापुढे गेलेला माणूस एक तर प्यायलेला असतो, नाहीतर शिकागोहून आलेला.

हार्लन ऑस्टबी हा मार्लिसच्या धाकट्या बहिणीचा नवरा. सगळी हयात विमा कंपनीत गेली. गारपिटीने फुटलेली छपरं, हरणाला धडकलेल्या मोटारी, बर्फ फुटून तळ्यात गेलेले ट्रक, हे सगळं तपासून तपासून त्याची नजर अशी झाली होती, की वाढदिवसाचा केकसुद्धा तो कापण्याआधी चारी बाजूंनी फिरून बघे. एकही खोटा दावा त्याने कधी मंजूर केला नाही, याचा त्याला फार अभिमान. पण निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, आणि तिथेच घात झाला.

रोज सकाळी मार्लिसच्या कॅफेत खिडकीजवळच्या टेबलावर हार्लनची चौकडी बसे. ड्वेन क्रीगर, नळदुरुस्तीवाला, गावात मोठ्याने बोलणारा म्हणून बदनाम. म्हणजे त्याचं बोलणं शेजारच्या टेबलावर ऐकू जाई. वर्लिन बाके, शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेला, इतका मऊ स्वभावाचा की दाराला धडकला तर दाराची माफी मागेल. आणि रोली निएमी. होड्या दुरुस्त करायचा, लग्नबिग्न केलेलं नाही, जातीचा फिनिश. फिनिश माणूस बोलत नाही ही तिथली सर्वसाधारण समजूत. रोलीने ती शिरोधार्य मानलेली.

तर त्या वर्षी वसंतात, तळ्यावरचं बर्फ वितळल्या वितळल्या ड्वेन म्हणाला, "या पंचक्रोशीत सगळ्यात भारी बर्गर कुठला, सांगा बघू."

"कशाला हवंय तुला?" वर्लिन दबक्या आवाजात म्हणाला आणि स्वयंपाकघराकडे बघितलं.

"असंच. इथे जन्म गेला माझा, पण खात्री अशी नाही."

"खात्री करता येईल," हार्लन म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पूर्वीची चमक आली. "चार ठिकाणी बर्गर मिळतो. आपण चौघं आहोत. पद्धतशीर तपासू या. पाव, टिक्की, चीज, कांदा. पंचमंडळ म्हणून."

"आणि मुख्य पंच कोण?" ड्वेनने विचारलं.

हार्लन नम्रपणे खिडकीबाहेर बघू लागला. यावरून काय ते सगळे समजले.

इथवर ठीक होतं. चार म्हातारे चार ठिकाणी बर्गर खातील, घरी जाऊन पोटदुखीची गोळी घेतील, झालं. पण हार्लनला राहवेना. गावच्या साप्ताहिकाच्या संपादकीणबाई टपालकचेरीत भेटल्या, तर गडी त्यांच्यापाशी बोलून बसला. त्या आठवड्यात गावात दुसरी बातमीच नव्हती. सरकारी रस्त्यावर एक बदक बसलं होतं, तेही उठून गेलं. झालं, पहिल्या पानावर चौघांचा फोटो. खाली लिहिलेलं, 'सर्वोत्तम बर्गरचा शोध. विजेत्याला तळ्यावरच्या जत्रेत गावाच्या वतीने एकमेव बर्गर-टपरी.' हे टपरीचं व्यापारी मंडळाने परस्पर ठरवून टाकलं होतं. सगळ्या उन्हाळ्याचं गिऱ्हाईक त्या तळ्यावर यायचं.

मार्लिसने तो फोटो कात्रीने कापून गल्ल्यामागे लावला. "माझाच नंबर येणार, ते काही सांगायला नको," ती हार्लनला म्हणाली, "पण परीक्षा मात्र रीतसर होऊ दे हं. घरचा माणूस म्हणून झुकतं माप दिलंस असं कुणी म्हणायला नको."

"नाही म्हणणार," हार्लन म्हणाला. तोंडातला घास काही केल्या खाली उतरेना.

कॅफेचं गेल्या काही वर्षांत कसंबसंच चाललं होतं. हमरस्त्यावर नवी हॉटेलं झाल्यापासून इथे टिकले ते गावातले जुने लोक. ही टपरी मिळाली तर मार्लिसचं सगळं सुरळीत होणार होतं, आणि आर्डिस, म्हणजे हार्लनची बायको, हे ओळखून होती. ती संध्याकाळी भांडी पुसता पुसता म्हणाली, "हार्लन, ताईचं मन दुखवू नकोस."

"अगं, पण बर्गर—"

"बर्गरचं मला माहीत आहे. मीही दात शाबूत असताना खाल्लाय तो."

"मग खोटं छापू? माझ्या नावाने? आजवर मी—"

"ते मी काही म्हणत नाहीये."

"आणि खरं सांगितलं तर तू काय करशील?"

"काही नाही करणार," आर्डिस म्हणाली आणि पुसलेली बशी परत पुसायला घेतली.

लून लेकमध्ये बायकोने 'काही नाही करणार' म्हणणं, यापेक्षा भयंकर धमकी नाही. हार्लनला रात्री स्वप्नात बर्गर दिसला, आणि तो 'कसा झालाय?' असं विचारत होता.

आणि सल्ले तर काय, दारोदार मिळत होते. शेजारची लव्हॉन कुंपणावरून म्हणाली, परीक्षेआधी दोन दिवस उपाशी राहा. दातांचे डॉक्टर म्हणाले, दोन्ही दाढांनी समान चावा, डावीकडे झुकू नका. पोस्टमन म्हणाला, त्याच्या मेव्हण्याने विस्कॉन्सिनमध्ये असाच पंच होण्याचा उद्योग केला, आता तो ॲरिझोनात राहतो. का, ते त्याने सांगितलं नाही.

पहिली परीक्षा तळ्याकाठच्या 'ब्लू हेरन'मध्ये. त्यांचा बर्गर म्हणजे टिक्कीच्या पोटात चीज भरलेलं. बाहेरून गरीब, आतून ज्वालामुखी. वाढणारी मुलगी म्हणाली, "थोडा वेळ थांबा हं, आत फार गरम असतं." पण संपादकीणबाई कॅमेरा रोखून उभ्या. मुख्य पंचाने पहिला घास घ्यायचा असं हार्लननेच ठरवलेलं. आणि विम्याचा माणूस धोक्याला घाबरला असं चारचौघांत दिसून कसं चालेल? त्याने मोठा घास घेतला.

आतलं चीज सुटलं ते थेट जिभेवर. दुसरा कुणी असता तर बोंबलला असता. पण आसपासच्या टेबलांवर लोक जेवत होते, त्यांना त्रास नको म्हणून हार्लनने ओठ मिटून धरले. चेहरा आधी लाल झाला, मग जांभळा, मग त्याच्या दोन्ही डोळ्यांतून धारा लागल्या. संपादकीणबाईंनी फोटो काढला. पुढच्या अंकात तो छापून आला आणि खाली ओळ होती: 'पहिल्याच घासाने मुख्य पंच भारावले.'

"कसा आहे?" ड्वेनने विचारलं होतं.

"हं," हार्लन म्हणाला. त्याहून मोठा शब्द जिभेवर मावत नव्हता.

खरी आफत पुढे. जिभेची चवच गेली. घरी कॉफी प्यायला तर गरम पाणी, लोणचं खाल्लं तर ओला पुठ्ठा. डॉक्टर म्हणाले, येईल परत, आठवडा लागेल, दोन लागतील, जिभेला घाई करता येत नाही. आता चव नसलेला माणूस मुख्य पंच, हे लोकांना सांगायचं कसं? राजीनामा द्यावा तर नाचक्की, न द्यावा तर फसवणूक. हार्लनने मधला मार्ग काढला. बोलायचंच नाही, नुसतं गंभीर चेहऱ्याने चावायचं. गंमत म्हणजे त्यामुळे गावात त्याचा दरारा वाढला.

दुसरी परीक्षा बोलिंगच्या अड्ड्यावर. त्या दिवशी तिथे बोलिंगचे सामने होते; वाढपीण एकटी, बिचारीची नुसती धांदल. चार बर्गर आले, चौघांनी खाल्ले. हार्लन गंभीर चेहऱ्याने चावत राहिला, ड्वेन "टिक्की रसदार आहे" म्हणाला, रोलीने मान हलवली, वर्लिनही शांतपणे खात होता. मग निघायचं. आता तिथे निघणं म्हणजे काय प्रकार असतो, ते सांगायलाच हवं. "चला, निघतो," म्हणून मांडीवर थाप मारायची. मग टेबलाशी उभं राहून बोलायचं, मग दारात बोलायचं, मग मोटारीपाशी, मग काच खाली करून. सूर्य मावळला तेव्हा कुठे गाडी हलली.

वाटेत हार्लनने विचारलं, "वर्लिन, तुझं मत नाही सांगितलंस. टिक्की कशी होती?"

"माझ्यात नव्हती," वर्लिन म्हणाला.

"काय नव्हती?"

"टिक्की. नुसता पाव आणि कांदा होता. ठेवायची राहिली असेल."

ड्वेनने गाडी कडेला घेतली. "अरे लेका, मग बोलला का नाहीस?"

"ती पोरगी किती गडबडीत होती," वर्लिन म्हणाला. "आणखी आपला कशाला त्रास? कांदा वाईट नव्हता."

आता काय करता या माणसाला? चौघांपैकी एकाने बर्गर खाल्लाच नाही, दुसऱ्याला चव कळत नाही, तिसरा बोलत नाही. पंचमंडळ म्हणून जे काही होतं, ते सगळं ड्वेनच्या जिभेवर उभं होतं. आणि ड्वेन सगळ्याच गोष्टींवर तिखट सॉस ओतायचा.

तिसरा बर्गर होता गावच्या बारचा. हा बार कुणा एकाचा नव्हे, चक्क नगरपालिकेचा. आजोबा-पणजोबांच्या काळापासून दारू गावानेच विकायची आणि नफ्यातून रस्त्यावरचं बर्फ काढायचं, अशी रीत. त्यामुळे चौघं बारमध्ये जाऊन बसले आणि जोलिनकडे, म्हणजे तिथल्या स्वयंपाकिणीकडे, परीक्षेचा बर्गर मागितला, तर ती अवघडून म्हणाली, "काका, साधा खायचा असेल तर आत्ता देते. पण परीक्षेचा म्हणत असाल तर मला देता येणार नाही. नगरपालिकेला विचारायला लागेल."

"बर्गर खायला नगरपालिका?"

"भट्टी त्यांची आहे ना. मी नुसती परतते."

आणि बर्गरचा विषय खरोखरच सभेपुढे गेला. सभागृह खचाखच भरलं. एवढी गर्दी गटाराच्या प्रश्नालाही झाली नव्हती. नगराध्यक्षीणबाईंनी मुद्दा मांडला, की गावाचा बर्गर हरला तर ती गावाची अधिकृत हार धरायची का? मागच्या बाकावरून एक म्हातारेबुवा उठले आणि म्हणाले, बर्गर हरला तर बर्फ काढायचं यंत्र येईल का? कुणी म्हणालं, येईल. कुणी म्हणालं, कांद्याचा निर्णय आरोग्य समितीकडे जायला हवा. हार्लनने उठून पंचमंडळाची भूमिका समजावून सांगायला सुरुवात केली, पण जीभ अजून सुजलेली, त्यामुळे त्याचं सगळं भाषण लोकांना नॉर्वेजियन वाटलं आणि माहेरची भाषा ऐकल्यासारखं होऊन दोन आजीबाईंनी डोळे पुसले. अखेर ठराव झाला. गावाच्या बर्गरची परीक्षा घेण्यास हरकत नाही, मात्र पंचांनी त्याविषयी मर्यादशील भाषेत बोलावं.

ते ऐकून हार्लन मनातून दुखावला. मर्यादा सोडून बोलणारा माणूस त्या खोलीत शोधून सापडला नसता.

पण जोलिनचा तो बर्गर. अहो, काय सांगावं. मांसाचा गोळा तापलेल्या लोखंडावर टाकला, त्यावर मूठभर चिरलेला कांदा, आणि उलथन्याने असा दाबला की कडा जाळीदार होऊन कुरकुरल्या. कांदा आत मुरला, पाव त्याच वाफेवर मऊ झाला. ड्वेनने सॉसची बाटली उचलली, एक घास खाल्ला आणि बाटली खाली ठेवली. वर्लिनने डोळे मिटले. आणि रोली निएमी, ज्याने आईच्या दफनविधीलाही नुसती टोपी काढली होती, तो म्हणाला, "वाईट नाही."

सगळे त्याच्याकडे बघत राहिले. हार्लनच्या तोंडात पुठ्ठाच होता, पण पुरावा समोर बसला होता.

जोलिनने एक जास्तीचा करून कापून ठेवला होता. त्याचे तुकडे संपत संपत ताटात एकच राहिला. आणि शेवटचा तुकडा घ्यायचा नाही, हा तर तिथला वज्रलेख. चोरी एक वेळ माफ होईल. मग ड्वेनने त्यातला अर्धा घेतला. वर्लिनने उरलेल्यातला अर्धा. असं होता होता नखाएवढा कण राहिला. चौघं त्याच्याकडे प्रेमाने बघत बसले, आणि तो तसाच सोडून उठले.

राहता राहिली मार्लिस. तिने चौघांसाठी दुप्पट मोठे बर्गर केले, नवं टेबलपोस घातलं आणि स्वतः कॉफीची किटली घेऊन शेजारी उभी राहिली. आणि बघा, जिभेला अक्कल असती तर ती त्याच वेळी परत आली असती का? हार्लनने पहिला घास चावला आणि त्याला कांदा कळला. मग मीठ कळलं. मग सगळंच कळलं. दोन आठवडे जिची वाट पाहिली ती चव नेमकी मार्लिसच्या बर्गरवर येऊन उतरली, आणि ती पूर्वीपेक्षा तल्लख होती.

"कसा झालाय?" मार्लिसने विचारलं.

"वेगळाच," वर्लिन म्हणाला.

"फारच वेगळा," ड्वेन म्हणाला.

मार्लिस खूश होऊन आणखी चार आणायला गेली.

त्या संध्याकाळी हार्लनच्या गॅरेजात चौघांची बैठक बसली. गावाचा बर्गर पहिला, याबद्दल दुमत नव्हतं. मार्लिसला सांगायचं कोणी, एवढाच मुद्दा.

"तू मुख्य पंच आहेस," ड्वेन म्हणाला.

"पण मी घरचा माणूस आहे. परक्याने सांगितलेलं बरं."

"चौघांनाही पहिला नंबर दिला तर?" वर्लिनने सुचवलं.

"टपरी एक आहे."

"मग कुणालाच नको देऊ या. पुढच्या वर्षी बघू."

"आणि मी छापून दिलेला शब्द?" हार्लन ताडकन उठला. "आयुष्यभर लोकांना सांगत आलो, की बाबा, छप्पर गारांनी फुटलेलं नाही, ते कुजलेलंच होतं. शिव्या खाल्ल्या, पण खोटं लिहिलं नाही. आता या वयात एका बर्गरसाठी लिहू? आणि खरं लिहिलं तर तिच्यासमोर जाऊ कसा? आर्डिससमोर जाऊ कसा?" ड्वेनने त्याच्याकडे न बघता पाठीवर एक थाप मारली. रोली जमिनीकडे बघत होता.

शेवटी तोडगा काढला पास्टरबाईंनी. चर्चच्या तळघरात सगळ्या गावासमोर परीक्षा घ्यायची. चार ताटं, ताटांवर नावं नाहीत. कुठलं कुणाचं ते पास्टरबाई कागदावर लिहून, घडी घालून हार्लनच्या खिशात देणार, निकालाआधी त्यानेही तो उघडायचा नाही. पंचांनी न बघता खायचं आणि खूण करायची. म्हणजे दोष कुणाचाच नाही. निकाल देवाच्या घरातला.

रविवारी तळघरात पाय ठेवायला जागा नव्हती. चारी स्वयंपाकघरांतून बर्गर आले, कापून ताटांत मांडले गेले. जोलिन भिंतीला चिकटून उभी. आर्डिस पहिल्या रांगेत, हातात हात गुंतवून. आणि मार्लिस? ती कसली खुर्चीवर बसते. तिने आल्या आल्या किटली उचलली आणि गावाला कॉफी ओतत फिरू लागली.

पंचांनी खाल्लं, खुणा केल्या. मग उरलेले तुकडे लोकांत फिरवले. एका ताटावर तर झुंबड उडाली, म्हणजे लोक रांगेत उभे राहून एकमेकांना "तुम्ही आधी" म्हणू लागले. थोड्या वेळात त्या ताटात एकच तुकडा उरला आणि अर्थातच तिथेच राहिला. दुसऱ्या एका ताटाला मात्र कुणी फारसं शिवलं नव्हतं.

हार्लन खिशातला कागद काढून उभा राहिला. घसा साफ केला. आणि तेवढ्यात मार्लिस, सकाळपासून पोटात काही नसलेली, रिकामी ताटं गोळा करत त्या टेबलाशी आली. लोकांशी बोलता बोलता, आपण काय करतोय ते न कळता, तिने तो शेवटचा तुकडा उचलला आणि तोंडात टाकला.

लोकांचे कप ओठांशीच थांबले. शेवटचा तुकडा, तोही चर्चमध्ये, तोही सगळ्यांदेखत. मार्लिसला काहीच पत्ता नव्हता. ती चावत होती. तिचे डोळे मिटले. मग तिने बोटाला लागलेला रस चाटला, मान डोलावली आणि समाधानाने म्हणाली, "आज माझा छान जमलाय हं."

सगळं गाव हार्लनकडे बघत होतं. हार्लनने आर्डिसकडे बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. पण तिने अगदी थोडी, दिसेल न दिसेल अशी, मान हलवली.

"मार्लिस," हार्लन म्हणाला, "तो जोलिनचा आहे."

"मग माझा कुठला?"

त्याने बोट दाखवलं. त्या ताटात जवळपास सगळे तुकडे होते. काहींचा एकेक चावा घेतलेला, आणि मग ते नीट, आदबीने परत ठेवलेले. मार्लिस तिथे गेली. एक तुकडा उचलून खाल्ला. चावला. बराच वेळ चावला. मग किटलीतली कॉफी स्वतःच्या कपात ओतून प्यायली.

"हा असाच असतो?"

"असाच असतो," हार्लन म्हणाला.

"नेहमी?"

"नेहमी."

"पण तुम्हाला तरी कळायला नको? मी कधी खाल्ला नाही रे हा. दिवसभर तुम्हाला वाढायचं, बसून खायला मला फुरसत कधी होती?" ती सगळ्यांकडे वळली. "इतकी वर्षं मी विचारत होते. एकानेही सांगू नये? आणि खात कशाला होतात? रोज येऊन कशासाठी खात होतात?"

ड्वेन बुटांकडे बघत होता, वर्लिन रडायच्या बेतात होता. सगळं तळघर खाली मान घालून बसलं होतं.

मागे एक खुर्ची करकरली. रोली निएमी उभा राहिला. टोपी काढली, हातात धरली, ती दोनदा फिरवली.

"बाकीच्यांचं मला माहीत नाही," तो म्हणाला. "मी तुझ्यासाठी येत होतो."

आणि खाली बसला. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झालेला. त्याला एवढं लांबलचक बोलताना त्याच्या सख्ख्या भावानेही ऐकलं नव्हतं, आणि भाऊ तिथेच बसला होता, आ वासून.

मार्लिस तशीच उभी. एका हातात किटली, दुसऱ्यात कप. मग तिने किटली टेबलावर ठेवली, रोलीच्या समोरची खुर्ची ओढली आणि बसली.

लून लेकने मार्लिसला बसलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, तसली रीत नाही तिथली. पण सगळ्यांचे चेहरे असे फुलले होते की तळघरात दिवे लावायची गरज नव्हती. आर्डिस हसत होती आणि डोळे पुसत होती. जोलिन पुढे येऊन मार्लिसला म्हणाली, "मावशी, कांदा दाबायचं मी दाखवीन तुम्हाला," तर मार्लिस रोलीवरची नजर न काढता म्हणाली, "उद्या गं, उद्या."

मुख्य पंच हार्लन ऑस्टबी निकालाचा कागद हातात धरून अजून उभाच होता. कुणी त्याच्याकडे बघेना, कुणी निकाल विचारेना. इतक्यात दुसऱ्या रांगेतून लव्हॉनने रिकामा कप वर केला, मग तिच्या शेजारणीने, मग दातांच्या डॉक्टरांनी. हार्लनने क्षणभर वाट पाहिली. मग कागद खिशात घातला, किटली उचलली आणि गावाला कॉफी ओतायला निघाला.